मोठी आई कार्डासाठी थांबली

मोठ्या आईला थांबायला मी सांगितलं होतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. वर्षभर लोक मला म्हणतात, "तू तिच्यासाठी किती केलंस!"
आणि मी मान हलवते.

आज नाही हलवत.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. घाटंजीजवळच्या आमच्या गावात राहायची. वडील नोकरीला यवतमाळला आले म्हणून मी इथे वाढले, पण शाळेची प्रत्येक सुट्टी तिच्याकडे. मला पोहायला तिने शिकवलं. लुगडं खोचून सरळ विहिरीत उडी मारणारी बाई.

म्हातारपणी तिचे शौक दोनच. टीव्हीवरचं क्रिकेट आणि एसटी.
पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट झाली, तेव्हापासून आधार कार्ड पिशवीत टाकायची आणि निघायची. एकदा वणीला जाऊन नुसता चहा पिऊन परत आली.
"काहून गेलती वं मोठी आई?"
"खिडकी भेटली म्हनून."

सत्तरीपुढच्या सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा, उत्पन्न कितीही असो, असा मेसेज आला तेव्हा फॅमिली ग्रुपवर तो मीच टाकला. वर लिहिलं, "सगळ्यांनी आपापल्या आईबाबांचं कार्ड काढा!"

फॉरवर्ड केला. नीट वाचला नाही.

तिचा मुलगा, सुनीलदादा, तिला सेतू केंद्रात घेऊन गेला. अंगठा लागेना. आयुष्यभर कापूस वेचून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. ओटीपी जायचा मोठ्या बाबांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, जुन्या नंबरवर. ते जाऊन, तो नंबर बंद पडून जमाना झाला होता.

मी फोनवर म्हटलं, "यवतमाळला ये, आधी आधार अपडेट करू."
"वेचनी होऊ दे. मजूर भेटून नाही राह्यले."

त्या हंगामात कापसाला भावच नव्हता. मजुरी देऊन वेचायचा की शेतातच सोडायचा, हीच घरोघर चर्चा. म्हणून या वयात तीच कमरेला कापसाची ओटी बांधून वावरात उतरली होती.

मग एका दुपारी तिचा फोन. ती स्वतःहून कधी फोन करायची नाही.

"पोरी, चाललं का छाती भरून येते. डावा हात बी जड पडते. त्या कार्डावर दाखवता येईन काय?"

मी ऑफिसात. टेबलासमोर माणसं उभी.
म्हटलं, "येईल ना. पण कार्ड हातात येऊ दे, मग मोठ्या दवाखान्यात दाखवू. तोवर थांब थोडी."

"बरं. थांबते मंग."

ती थांबली. सुनीलदादालाही काही बोलली नाही.

रविवारी तिला बोलवायचं ठरवलं होतं. रविवारी पाहुणे आले.
पुढच्या रविवारी मला कंटाळा आला.
हो. कंटाळा.

आणि मग ती कापसात काम करता करता खाली बसली, ती उठलीच नाही. दादाने गाडीत घालून यवतमाळला, योजनेतल्या दवाखान्यात आणलं. मी धावत पोचले. माझं पहिलं वाक्य, "पण हिचं कार्ड झालेलं नाही!"

योजनेच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "आधार आहे ना? मग इथंच होते."

आधार पिशवीतच होतं. एसटीसाठी ठेवलेलं.
तिने खाटेजवळ येऊन मोठ्या आईच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरला. चेहरा जुळला. नोंदणी झाली.

वर सहज म्हणाली, "छातीत दुखलं तेव्हाच आणायचं ना ताई. कार्डासाठी कोनी थांबते का?"

अँजिओप्लास्टी झाली. पण हृदयाचा बराच भाग आधीच गेला होता. डॉक्टर म्हणाले, "पहिल्यांदा दुखलं तेव्हा आल्या असत्या तर..."


मोठी आई घरी आली ती बाजेवरच. उन्हाळा काढला नाही तिने.

पण तेवढ्या दिवसांत भेटायला येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला सांगायची, "माह्या पोरीनं कार्ड काढून देलं. तुमी बी काढा. अन् दुखलं का जा, थांबू नका."
शेजारचे गणपतआबा तिच्या बोलण्यावरूनच गेले. वेळेत गेले. ऑपरेशन झालं, वाचले.

मी गेलेली असले तर तिथेच बसलेली असायची. खाली मान घालून.

तुमच्या घरी कोणी सत्तरीपुढचं असेल तर एवढं वाचा. रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत, भरती व्हावं लागतं. दवाखाना योजनेतला हवा, ते आत्ताच विचारून ठेवा. कार्ड आधी काढलेलं बरंच. पण नसेल तर घरी बसू नका. आधार घ्या आणि निघा.
हे मला एका फोनवर कळलं असतं. मी तो केला नाही.

आज वर्षश्राद्धाला गावी गेले होते. जेवणं झाल्यावर ओसरीवर गणपतआबांजवळ बसले आणि एकदाचं बोलून टाकलं.
"आबा, कार्ड मी नाही काढून दिलं. मी तर तिला थांबवलं होतं."

आबा म्हणाले, "तिले माहीत होतं ना."

मी वर बघितलं.

"दवाखान्यातल्या त्या पोरीचं बोलनं आयकलं होतं तिनं. मले म्हने, मी तिले काई म्हनत नाही आबा. म्हटलं तर पोरगी लाजीनं घरी याची नाही."

खरं सांगते. ती काही म्हणाली नाही, तरी शेवटच्या महिन्यांत मी कमीच गेले. तिच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. ती रोज दादाला विचारायची, "पोरगी येनार हाय का आज?"

मोठी आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवते.
भरल्या मनाने, तुला श्रद्धांजली.