काडी काढलेला ग्लास

थाओ आमच्या कारखान्यातून गेली त्याला आता दीड वर्ष झालं. तरी त्या दिवसाची आठवण आली की माझ्या कानशिलात रक्त चढतं. आधी सांगून टाकते, मी स्वतः पिते. नागाओकाजवळ जन्मले, आमच्याकडे भात पिकतो आणि त्या भाताची दारू, म्हणजे साके, उत्तम होते. दोन वाट्या गरम साके मिळाली की माझी पाठदुखी थांबते. तेव्हा हा न पिणाऱ्यांचा कैवार समजू नका. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि त्यातला बराचसा माझ्यावरच आहे.

मी नागुमो फुमिए. आमच्याकडे रस्त्यावरचं बर्फ वितळवणारे पाण्याचे नळ आणि त्यांची तोंडं बनतात. मी तपासणी विभागात आहे, पंचवीस वर्षं होत आली. थाओ आली डिझाइन विभागात. व्हिएतनामच्या नाम दिन्ह गावची, एकोणतीस वर्षांची, इंजिनियर. आमच्या जिभेला 'थ' जमत नाही, म्हणून सगळ्यांनी, आदराचं 'सान' जोडून, तिची ताओ-सान करून टाकली. तिने एकदाच दुरुस्त केलं आणि मग नाद सोडला.

कामाला पोरगी पक्की. आमच्या जमिनीतल्या पाण्यात लोखंड फार, नळांची तोंडं गंजाने बुजतात. तिने असं तोंड काढलं की स्क्रू-ड्रायव्हर न लावता हाताने फिरवून साफ होतं. माझ्या टेबलावर तिने ते महिनाभर गढूळ पाण्यात चालवून दाखवलं. मी एवढ्या वर्षांत कुणाच्या कामावर 'उत्तम' असं लिहिलं नव्हतं, तिच्यावर लिहिलं.

तिच्या स्वागताच्या जेवणाला विभागप्रमुख त्सुचिदा साहेबांनी बियरची बाटली तिच्याकडे वळवली. तिने ग्लासावर हात ठेवला.

"मी चहा घेते, साहेब."

"असं? धर्मात चालत नाही का?"

"नाही, तसं काही नाही."

"मग तब्येत? औषध चालू आहे?"

"तब्येत चांगली आहे."

"मग काय?"

"मला नको असते."

पॅकिंगमध्ये दोन इंडोनेशियन मुलं होती, त्यांना कुणी कधी आग्रह केला नाही, कारण त्यांच्याकडे धर्म होता. आजाऱ्याला सूट होती, गरोदर बाईला सूट होती. धडधाकट माणसाला नुसतं नको असू शकतं, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. त्यात त्सुचिदा साहेबांनी आधीच्या नोकरीत पाहिलेले व्हिएतनामी बादलीभर बियर पीत होते म्हणे.

"व्हिएतनामी असून पीत नाही? आम्हाला फसवून कुणा भलत्यालाच पाठवलं वाटतं!" असं ते म्हणाले आणि सगळे हसले. थाओही हसली. पहिल्या दिवशी दुसरं काय करणार?

मीच तिला बाजूला घेऊन शहाणपण शिकवलं होतं. "अगं, अंगावर पित्त उठतं म्हणून सांग. कटकट मिटेल."

"खोटं कशाला बोलू, नागुमो-सान? तुम्ही कालवं खात नाही. कुणी कधी कारण विचारलं का?"

कालवांचं मला खरंच कुणी विचारलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांना तिची फार आवडली. न पिणारी म्हणजे गाडी चालवायला मोकळी. दोन वर्षं प्रत्येक जेवणानंतर थाओ कारखान्याची दहा जणांची गाडी काढायची, एकेकाला त्याच्या दारात सोडायची. कुणी मागच्या सीटवर ओकलं तर तीच पुसायची. "ताओ टॅक्सी" म्हणायचे तिला. आणि वार्षिक शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, 'काम समाधानकारक. सहकाऱ्यांत मिसळत नाही.' तिने तो कागद मला दाखवला. माझं डोकं फिरलं, पण मी त्यांच्याकडे गेले का? नाही. "तसेच आहेत ते, मनावर घेऊ नकोस," एवढंच म्हणाले.

मग आला जानेवारीतला तो शनिवार. नव्या वर्षाचं जेवण डोंगरातल्या गरम पाण्याच्या एका छोट्या लॉजवर होतं. सकाळी जायचं, आंघोळ, दुपारी जेवण, चारला परत. आम्ही आठजणं. गाडी अर्थात थाओच्या हातात.

त्या लॉजवाल्या बाईंची एक पद्धत होती. थंड उलाँग चहा आणि दारू घातलेला उलाँग चहा दिसायला एकसारखेच, म्हणून दारूच्या ग्लासात त्या लाल काडी घालून द्यायच्या. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा थाओने आणखी एक चहा मागितला. ओत्सुका म्हणून आमच्या विक्री विभागातला एक, चाळिशीचा, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप. त्याने आपल्या पुढ्यातला न उष्टावलेला ग्लास उचलला, लाल काडी काढून ताटाखाली सरकवली आणि ग्लास माझ्या हातात दिला.

"ताओ-सानकडे सरकवा जरा."

मी काडी काढताना पाहिलं होतं. त्सुचिदा साहेबांनीही पाहिलं, ते मान खाली घालून हसत होते. मला वाटलं, एक घोट घेईल, तोंड वाकडं करेल, सगळे हसतील, संपलं. मी ग्लास सरकवला.

आंघोळीने तिला तहान लागलेली. तिने मोठा घोट घेतला आणि थांबली. ग्लासाचा वास घेतला. ओत्सुका टेबलावर हात आपटत म्हणाला, "बघा, जग बुडालं का? कशी वाटली, ताओ-सान?"

"अभिनंदन!" साहेब म्हणाले. "आज झालीस तू आमच्यातली."

थाओने खिशातून गाडीची किल्ली काढली, उठून साहेबांच्या भाताच्या वाटीशेजारी ठेवली.

"मी प्यायले आहे. मला गाडी चालवता येणार नाही."

"अगं, एक घोट घेतलास!"

"रस्त्यात पोलिसांनी फुंकायला लावलं तर लायसन्स माझं जाईल. व्हिसा माझा जाईल. तुमचं काय जाईल, साहेब?"

"दोन तास बस, उतरेल."

"या दोन वर्षांत तुम्हाला कुणालाच मी पिऊन चालवू दिलेलं नाही. आज मीही चालवणार नाही."

हसू विरलं. बाकी सातही जण प्यायलेले. टॅक्सीवाल्याने फोनवर सांगितलं, बर्फ फार आहे, तीन तास तरी वर येत नाही. शेवटची बस पावणेपाचला, दीड किलोमीटर खाली. ऑफिसचे बूट घालून आमची वरात घसरत निघाली. थाओ सगळ्यांच्या पुढे, एकदाही मागे न बघता. मी तिला गाठायचा प्रयत्न केला नाही. वळणावर साहेब पडले आणि त्यांचं कोपर सोलवटलं.

ते कोपर सोमवारी कारखान्यात मोठं प्रकरण झालं. विभागाची गैरसोय केली आणि वरिष्ठांच्या दुखापतीला कारण झाली, म्हणून थाओकडून माफीपत्र मागितलं. तिच्याकडून! तिने अर्धं पान लिहून दिलं. माफी त्यात नव्हती. 'माझ्या चहाऐवजी मला दारू देण्यात आली. कुणी दिली, हे मला लेखी कळावं.'

व्यवस्थापकांनी मला आत बोलावलं. थाओ तिथेच उभी होती.

"नागुमो-सान, तुम्ही शेजारी होतात. काही पाहिलंत?"

मी जमिनीकडे पाहिलं. "गडबड होती. माझं लक्ष नव्हतं."

थाओने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. आपण पुढ्यातला नळ खराब निघाला की बघतो, तसं पाहिलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली.

तीन आठवड्यांनी फलकावर सूचना लागली. 'लॉजच्या कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे पेयांची अदलाबदल झाली. सर्वांनी यापुढे काळजी घ्यावी.' त्याच दुपारी लॉजवाल्या बाई आल्या. सत्तरीच्या, बर्फातून बस बदलत आलेल्या. हातात मिठाईचा डबा. बैठकीच्या खोलीत त्या कमरेत वाकून उभ्या होत्या.

"आमच्याकडे वाढणाऱ्या मुलीकडून काडी घालायची राहिली असेल. फार लाज वाटते हो मला. तिला मी कामावरून काढलं."

साहेब मान डोलावत होते. ओत्सुका मान डोलावत होता! मी चहा घेऊन आत गेले होते. ट्रे मी टेबलावर असा आदळला की दोन कप सांडले.

"मुलीने काडी घातली होती, बाई," मी म्हणाले. "या ओत्सुकाने ती काढून ताटाखाली लपवली. साहेबांनी पाहिलं. मी पाहिलं. आणि तो ग्लास थाओपुढे ठेवला तो मी. त्या मुलीला आजच परत बोलवा."

"नागुमो-सान!" साहेब ओरडले. "तेवीस वर्षांत तुम्ही कधी अशा वागला नाहीत."

"हो ना. तेवीस वर्षं फुकट घालवली."

बाई ताठ झाल्या. मिठाईचा डबा उचलून त्यांनी पुन्हा कापडात बांधला आणि निघून गेल्या. ती मुलगी परत कामावर आली, याची मी नंतर फोन करून खात्री करून घेतली.

बाकी काय झालं? ओत्सुकाने दोन ओळी लिहून दिल्या, 'गमतीचा अतिरेक झाला.' साहेबांना एप्रिलमध्ये बढती मिळाली. फलकावरची सूचना कुणी काढली नाही, शेवटी मीच फाडली. मला अजून कुणी त्याबद्दल विचारलेलं नाही.

थाओने मात्र आधीच तोयामाच्या एका कंपनीत नोकरी पक्की केली होती. मार्चअखेरीला ती निघाली. सामान थोडंच होतं, मी खोके उचलायला गेले. शेवटचा खोका गाडीत ठेवून झाल्यावर मी म्हणाले, "थाओ, मी चुकले. मला माफ कर."

तिने डिकी बंद केली.

"तुम्ही खरं बोललात, ते बरं केलंत. त्या मुलीची नोकरी वाचली." मग म्हणाली, "माझ्यासाठी बोलला नाहीत, नागुमो-सान. मी समोर उभी होते तेव्हा."

तिने वाकून नमस्कार केला, ऑफिसात सगळ्यांना करायची तसाच, आणि गाडीत बसली. मी तिला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलेलं नाही, आणि ते का यावं हेही मला सांगता येत नाही.