माणिकप्पांनी हलवलेल्या बाटल्या

आमच्या लातूरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे खरे मालक म्हणजे माणिकप्पा. हुद्दा परिचराचा, रुबाब प्राचार्याचा. कपाळाला भस्म लावून सकाळी साडेसातला कुलूप काढणार आणि उशिरा येणाऱ्या माझ्यासारख्या प्राध्यापकाकडे असं बघणार, की मीच विद्यार्थी.

खंडेनवमीला ते तराजू, बर्नर, बाटल्या सगळं पुसून पूजेला मांडतात. गेल्या वर्षी पूजेनंतर बाटल्या फळीवर परत गेल्या, पण रांग बदलली. सुट्टीनंतरच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला चाकूरहून येणाऱ्या राजकन्या नावाच्या मुलीनं भलतीच बाटली उचलली. ही दुसऱ्या वर्षाला. तोंडी विचारा, फडाफडा उत्तरं देणार. लेखी परीक्षेत मात्र दोनदा नापास. आता नापास झालीस तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलेलं.

"लेबल वाचता येत नाही का?" मी खेकसलो. वर्ग हसला. माझी जीभ तशीच आहे, आणि त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

माणिकप्पा हसले नाहीत. वर्ग सुटल्यावर माझ्या टेबलाशी आले. "सर, पोरगी लेबल वाचतच न्हाई. जागा ध्यानात ठेवून बाटली उचलती. रांग मी हलवली, म्हणून चुकली. लई हुशार हाय, पण अक्षरं तिला दगा द्यायलीत."

अठरा वर्षं शिकवून मला जे दिसलं नाही, ते या माणसाला एका बाटलीवरून कळलं.

राजकन्या आधी तपासणीला तयारच होईना. "मामा, लोक मला येडी म्हणतील."

"आन् आता ढ म्हणायलेत, ते बरं हाय का?" असं म्हणत माणिकप्पांनी तिला दिव्यांग विद्यार्थ्यांची अडचण बघणाऱ्या समान संधी कक्षाच्या दामिनी मॅडमसमोर नेऊन बसवलंच. मॅडमनी तपासणी करवली. वाचन-लेखनाची अक्षमता निघाली. डोळे चांगले, बुद्धी तल्लख, त्यामुळे वरून कुणाच्या लक्षात यायची नाही अशी. अक्षमतेच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात तीन खेटे पडले, आणि तिन्ही वेळा माणिकप्पा रजा टाकून सोबत गेले. मग परीक्षेला लेखनिक मिळाला, जादा वेळही मिळाला.

निकाल लागला. सगळे विषय सुटले, आणि रसायनशास्त्रात राजकन्या कॉलेजात पहिली! मी भर वर्गात तिची माफी मागितली.

यंदा नव्या मुलांच्या स्वागताला ती कुणी न सांगता उठली आणि तिनं माईक हातात घेतला. "मला वाचायला लई वेळ लागतो. मी आळशी न्हाई, येडी बी न्हाई. कुणाला असं होत असंल तर लपवू नका. मी लपवून दोन वर्षं घालवली." सभागृहात टाळ्या थांबेचनात.

दुपारी दामिनी मॅडमच्या दाराशी सात मुलं उभी होती. बसायला जागा नव्हती, म्हणून माणिकप्पा प्रयोगशाळेतली स्टुलं घेऊन तिकडे निघाले. मी दोन स्टुलं उचलली आणि त्यांच्यामागून चालू लागलो.