पागोटं तेवढं खरं होतं

ऐतिहासिक पिक्चरला भिवाआप्पांच्या शेजारी बसणं म्हणजे शिक्षाच. पडद्यावर वीर कोसळला, बायाबापड्या डोळे पुसू लागल्या, की आप्पा खणखणीत आवाजात म्हणत, "मेला न्हाई त्यो! गुळाच्या पाकात कुंकू कालवलंय. आता नाकावर माशी बसंल आन् शिंकंल बघा."

आप्पा आमचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. घर धनगराचं. मेंढरांमागं फिरणं वडिलांच्या काळातच थांबलं, पाटसच्या कारखान्याला ऊस जाऊ लागला, तरी आप्पांनी हौसेनं थोडी मेंढरं ठेवली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दौंडकडच्या माळावर एका लढाईच्या पिक्चरचं शूटिंग आलं, तेव्हा त्या मेंढरांमुळेच आप्पांचा तिथं शिरकाव झाला. घोडी थोडी, धूळ पुरेना. मग टेकडीमागून आप्पांची मेंढरं पळवायची.

"बादशहाची फौज म्हनत्यात ती माजी मेंढरं हायती," आप्पा सांगत. किल्ला होता गोणपाटाचा, वरून खळीनं कागद चिकटवलेला. "वैऱ्याला घेता आला न्हाई त्यो किल्ला माज्या शेळीनं खाल्ला!" आणि शेवटी ठरलेलं पालुपद, "पिच्चरमंदी समदं खोटं असतंय."

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी सांगितली नव्हती. ती गावच्या जत्रेत, तंबूतल्या पडद्यावर दिसली. लढाई हरलेला एक गावकरी पुढं येतो, डोक्यावरचं तांबडं पागोटं काढतो आणि शत्रूच्या सरदाराच्या पायांवर ठेवतो. गावकऱ्याचा चेहरा पडदाभर झाला, तर ते आमचे आप्पा! तंबूत शिट्ट्यांचा नुसता कल्ला. मी वळून पाहिलं. आप्पा दोन्ही हातांनी डोक्यावरचं पागोटं धरून, मान खाली घालून बसले होते. तेच पागोटं. वडील वारले तेव्हा दुखवट्याला, भावकीसमोर, त्यांच्या मामानं ते बांधलं होतं. आमच्याकडं त्या दिवसापासून घराची अब्रू त्या माणसाच्या डोक्यावर येते.

घरी येताना आप्पा एवढंच बोलले, "कंपनीची पागोटी नवीकोरी दिसत हुती. पिच्चरचा सायेब म्हनला, तुमचंच द्या, खरं वाटंल. ऊन बराबर पडंना म्हनून परत परत काढाय लावलं. आन् मी हसत हसत काढलं रं."

दुसऱ्या दिवसापासून आप्पा बोडक्या डोक्यानं हिंडू लागले. पोरंटोरं चावडीवर "आलं बघा शरण" म्हणून चिडवत. पिक्चरच्या गमती बंद झाल्या. एवढा बोलका माणूस रस्त्यानं कडेकडेनं चालायला लागला, ते बघून आम्हालाच ओशाळं वाटे.

पुढं लेकीचं लग्न तळेगाव ढमढेरे गावातल्या एका घरात ठरलं. मांडवात व्याही मानाचा फेटा घेऊन उभे राहिले. आप्पांनी हात जोडले, पण डोकं पुढं केलं नाही. व्याह्याचा फेटा नाकारायचा म्हणजे सोयरीक मोडायचीच भाषा. नवरीचा चेहरा उतरला.

व्याही मोठ्या मनाचे. हसून म्हणाले, "पाव्हणं, त्यो पिच्चर आमी बी बघितलाय. तुमीच सांगत हुता न्हवं, समदं खोटं असतंय?"

"व्हय. तलवार खोटी, किल्ला खोटा," आप्पा म्हणाले. "पागोटं माज्या बापाच्या दुखवट्याचं हुतं, पाव्हणं. त्येवढं खरं हुतं."

व्याह्यांनी फेटा आप्पांच्या खांद्यावर ठेवला आणि त्यांना पोटाशी धरलं. लग्न लागलं. आप्पांनी अक्षता टाकल्या त्या बोडक्या डोक्यानंच.

आप्पा गेले तेव्हा थोरल्या मुलानं ट्रंकेतून ते तांबडं पागोटं काढलं आणि बापाच्या डोक्याला बांधायला वाकला. त्याच्या आईनं, आमच्या काकूंनी, त्याचा हात धरला.

"नगं रं बाळा," त्या म्हणाल्या. "त्येच्यापायी जल्मभर मान वर केली न्हाई त्येंनी. आता तरी सुखानं जाऊ द्या."