बाजूने दिसणारी मी

आपण बाजूने कशा दिसतो, हे मला परवापर्यंत माहीतच नव्हतं.

इंदूरला ज्यांच्याकडे मी स्वयंपाक करते, त्या बाई पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायच्या. सातवीतच शाळा सुटलेल्या मला त्या हौसेने शिकवतात, हे त्यांचे उपकारच. परवा दुपारी त्यांनी मला खिडकीच्या उन्हात बसवलं, भिंतीवर कागद लावून माझी सावली गिरवली आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून तो आकार ब्लेडने कापला. झालं स्टेन्सिल. ते कोऱ्या कागदावर ठेवून मी स्पंजाने निळा जलरंग टिपू लागले.

"पाणी कमी घे गं, रंग खालून पळेल," बाई ओरडल्या.

फिल्म उचलली. कागदावर माझी आई होती! आंब्याच्या कलमांच्या बागेत मजुरीला मुकादमासमोर उभी राहायची तशीच, मान पुढे पडलेली, हनुवटी गळ्याशी आलेली. आपलीही मान तशीच होईल, या भीतीनेच तर मी कोकण सोडून इतक्या लांब आले.

आरशात बघताना माणूस मान वर करतोच. बाजूने आपण फक्त इतरांनाच दिसतो. किती जणांनी पाहिली असेल माझी ही मान?

"बाई, कापताना चुकलं का हो?"

"सावली होती तशीच कापली," म्हणत त्यांनी भिंतीवर नवा कागद लावला. "बस पुन्हा."

मी मान वर केली. दुसऱ्या कुणाची मान चोरल्यासारखं वाटलं. बाई पेन्सिल धरून थांबल्या होत्या.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "मान दुखेल थोडी."