शालनचं उत्तर

चंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या बाजारात मेथी घेत होतो. त्याचा पुतण्या एवढंच म्हणाला, "काका, तात्या गेलं." मी जुडी पिशवीत टाकली, दुसरी घेतली, तिसरी घेतली... भाजीवाल्या बाईनंच हात धरून थांबवलं.

चंदू आणि मी विट्याजवळच्या एकाच गावचे. आमच्याकडची मुलं गलाईच्या धंद्यात परमुलखात जातात. सराफांचं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. आम्ही तामिळनाडूत एका गाववाल्याच्या दुकानात होतो. मालक चंदूला सारखा या गावाहून त्या गावाला पिटाळायचा. भाषा कळेना, भात गिळवेना, आणि जीव सगळा गावातल्या शालनमध्ये अडकलेला. गावाकडून आलेलं पत्र दुकानात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची रीत होती, म्हणून शालनची पत्रं मी पोस्टमनला वाटेत गाठून परस्पर घ्यायचो. एरवी बडबड्या असलेला हा गडी पत्र हातात पडलं की दिवसभर मुका.

मग शालनच्या घरी तिच्या लग्नाची घाई सुरू झाली. चंदूनं तिला लिहिलं, 'तू हो म्हण, मी येऊन तुझ्या वडलांचे पाय धरतो.' तेवढ्यात त्याला दुसऱ्या गावी धाडलं. तिथून रोज सकाळी त्याचा फोन.

"आलं का रं?"

"न्हाई गड्या."

"पोस्टात जाऊन इचार की... माझा जीव ऱ्हात न्हाई बघ."

एके दिवशी दुपारी पत्र आलं. मालकाच्या नजरेला पडू नये म्हणून ते मी माझ्या गोधडीच्या उसवलेल्या शिवणीत सारलं. सोन्याचे कण अंथरुणालाही चिकटतात, म्हणून गलाईवाले वर्षातून एकदा जुन्या चटया, गोधड्या जाळून राखेतून सोनं काढतात. दुसऱ्या दिवशी पहाटे मालक म्हणाला, "टाका सगळं." मी माझ्या हातानं माझी गोधडी जाळात लोटली. आठवलं तेव्हा राख धुवायला घेतली होती. आणि फोन वाजला.

"आलं का रं?"

"न्हाई," मी म्हणालो.

शालनला पुन्हा लिहायला सांगता आलं असतं. माझं धाडस झालं नाही. तिला फलटणला दिली. चंदू परत येऊन कुपवाडच्या कारखान्यात लागला, लग्न केलंच नाही. खोली बदलली की पोस्टात नवा पत्ता देऊन यायचा, अगदी परवापरवापर्यंत. आता कोण कुणाला पत्र लिहितं! "तिला मी नकोच असणार," असं तो कधीतरी म्हणायचा, आणि मी विषय बदलायचो. इतका भ्याड मित्र कुणाला मिळू नये.

तेराव्याला शालन आली होती. निघताना तिनं मला गाठलं. "दादा, माझं उत्तर त्यास्नी मिळालं व्हतं न्हवं? मी व्हय म्हणून लिवलं व्हतं. हळद लागंपतूर वाट बघितली."

मी खाली बघतच तिच्यासाठी रिक्षाला हात केला. ती काय समजायचं ते समजली. "बरं," म्हणाली आणि रिक्षात बसली.

तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय. शालन, तुझं पत्र मी जाळलं. तू हो म्हणाली होतीस, हे चंदूला मरेपर्यंत कळलं नाही.