माझ्या पोटाला चालणारं कॅल्शियम

माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आळीत सांगितलं की पित्ताचा खडा काढला. खरं म्हणजे ते वजन कमी करायचं ऑपरेशन होतं. पोटाचा मोठा भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी पिशवी मागे ठेवतात. मला साखर होती, गुडघे गेले होते, आणि मुलाच्या कंपनीच्या विम्यात आईवडीलही बसतात, म्हणून ते जमलं.

खड्याची गोष्ट मीच काढली. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. वजनाचं ऑपरेशन म्हटलं की लोक प्रश्न विचारतात आणि आपल्याला उत्तरं द्यावी लागतात. खडा म्हटलं की लोक स्वतःच्याच खड्याबद्दल बोलतात, आपण ऐकलं की झालं. शेजारच्या काकूंनी कुळथाचं कढण करून आणलं. खडा काढून टाकल्यावर कढण कशाला, हे मी विचारलं नाही. त्या दिवसांत दोन चमचे पाण्यानं माझं पोट भरायचं. वाटी रिकामी झाल्याशिवाय उठायचं नाही म्हणून काकू समोर बसून राहिल्या. आल्या तेव्हा ऊन होतं, गेल्या तेव्हा दिवेलागण झाली होती.

साखर आणि गुडघे हे डॉक्टरांचं कारण. माझं स्वतःचं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या घरात तान्ह्या बाळाला आजी आंघोळ घालते. मोरीत पाटावर बसायचं, पाय लांब करायचे आणि पायांवर बाळ घ्यायचं. माझ्या दोन्ही मुलांना सासूबाईंनी आंघोळ घातली. मी दारात पंचा धरून उभी असायचे. हात लावू देत नसत. म्हणायच्या, "तुझी पाळी येईल तेव्हा घाल." मुलाचं लग्न झालं तशी माझी पाळी जवळ आली, आणि मला तर खाली बसता येत नव्हतं. बसवलं तर उठवायला दोन माणसं लागत. बसल्यावर मांडी दिसायची नाही, तिथे पोटच असायचं. त्यावर बाळ कुठे ठेवणार.

ऑपरेशननंतर वजन उतरत गेलं आणि मी खाली बसून आपली आपण उठायला लागले. घरात ह्याचं कोणी कौतुक केलं नाही, कारण ह्यात कौतुक करण्यासारखं काही आहे हे कोणाला माहीत नव्हतं.

दवाखान्यात आहार सांगणारी एक ताई होती. तिने बजावलं होतं की कॅल्शियम आता जन्मभर घ्यायचं, पण ठरावीक जातीचंच, सायट्रेट. सुरुवातीला मुलगा दवाखान्याच्या मेडिकलमधून तेच आणायचा. चावून खायच्या गोळ्या होत्या. चव पाटीवरच्या पेन्सिलीसारखी. मी चौथीपर्यंत पेन्सिली पुष्कळ खाल्ल्या आहेत. शाळा सुटली तशा पेन्सिलीही सुटल्या होत्या, त्या अशा परत आल्या.

पुढे मुलाची ड्यूटी बदलली आणि गोळ्या आणायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या आळीच्या तोंडाशी मेडिकल आहे. तिथल्या माणसाने चिठ्ठी पाहिली आणि म्हणाला, "हे नाहीये आपल्याकडे. हे घ्या, कॅल्शियमच आहे." मी मान हलवली. नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं, आणि माझ्यामागे लोक उभे होते.

त्या डबीवर शिंपल्याचं चित्र होतं. आमचे मालक माळकरी आहेत. त्यांनी चष्मा लावून डबी फिरवून फिरवून पाहिली.

"हे शिंपल्याचं हाय का?"

"चित्र तर आहे."

"शिंपला म्हणजे जीवच की."

"आतला जीव गेल्यावर उरतो तो शिंपला," मी म्हटलं.

"गेला कसा पण? आपोआप गेला का कोणी घालवला?"

ह्याचं उत्तर डबीवर नव्हतं. मालकांनी भजनी मंडळातल्या बुवांना विचारलं, एका ओळखीच्या बाईसाठी म्हणून. बुवा म्हणाले, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. डबी फडताळात वर गेली.

त्याच सुमारास सुनेला दिवस राहिले. आरोग्य केंद्रातून गरोदर बायांना कॅल्शियमच्या गोळ्या फुकट मिळतात. तिला तिच्या डॉक्टरीणबाईंनी वेगळ्या लिहून दिल्या होत्या, म्हणून केंद्राच्या तशाच पडून राहायच्या. एकदा तिनेच पाकिटं माझ्यापुढे ठेवली.

"आई, ह्या तुम्ही घ्या ना. तुम्हाला पण कॅल्शियमच सांगितलंय."

घरात आलेली वस्तू वाया घालवू नये असं मलाही वाटतं. त्यात मेडिकलवाल्याशी बोलायचं काम उरलं नाही. ह्या गोळ्यांवर कसलं चित्रही नव्हतं. मी सकाळच्या चहाबरोबर एक कॅल्शियमची आणि एक दवाखान्यातून लिहून दिलेली लोहाची अशा दोन्ही घेऊन टाकायचे. दिवसभराचं काम एकदम उरकायचं आणि आपण फार नियमाने वागतो असं वाटायचं.

आमची फुलांची शेती आहे. शेवंती, झेंडू, थोडा निशिगंध. फुलं बाजारात जातात आणि हाराची मागणी आली तर हार मी घरी ओवते. नवरात्राच्या आधी हार जास्त असतात. त्या वर्षी ओवताना माझी बोटं वळायला लागली. अंगठा आत जायचा, बाकीची बोटं एकमेकांना चिकटून ताठ व्हायची, चिमटीत मीठ धरल्यासारखी. ओठांभोवती मुंग्या यायच्या. थोड्या वेळाने सगळं सुटायचं. मी सुई खाली ठेवून थांबायचे आणि परत ओवायचे. मालकांनी विचारलं, "हात दुखतो का?" मी म्हटलं, नाही. दुखत नव्हताच, वळत होता.

सुनेचं डोहाळजेवण आमच्याकडेच केलं. तिचं माहेर वणीचं, तिकडून विहीणबाई आल्या, आळीतल्या बायका आल्या. ओटी भरायला मी नारळ उचलला आणि हात वळला. नारळ सुनेच्या पदरात न पडता पाटावर पडला, तिथून फरशीवर गेला आणि विहीणबाईंच्या पायाशी जाऊन थांबला. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, "फुटला नाही ना, मग झालं." काकूंनीच तो उचलून पुसला आणि माझ्या हातात न देता थेट ओटीत घातला.

जेवणं झाल्यावर विहीणबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. बाई वाईट नाहीत. माझ्या वळलेल्या बोटांकडे त्यांनी सरळ पाहिलं.

"विहीणबाई, राग मानू नका. बाळाला आंघोळीला बाई लावू. मालिशवाली. तुमच्या नाशकातच हाय एक चांगली, माझ्या भाचीकडं येती."

"आमच्याकडे आजीच घालते," मी म्हटलं.

"घालते हो. पण नारळाचं येगळं. नारळ पडला तर उचलता येतो."

सून तिथेच बसली होती. तिने बांगड्या मागेपुढे केल्या. तिने "नको" म्हणावं असं मला वाटत होतं. ती म्हणाली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही म्हटलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांना घेऊन दवाखान्यात गेले. एरवी माझ्या वतीने मुलगा बोलतो. मालक माझ्याहून कमी बोलतात, म्हणून मलाच बोलावं लागलं. मी आहारवाल्या ताईपुढे शिंपल्याची डबी आणि केंद्राची पाकिटं ठेवली. तिने सगळं पाहिलं.

"हे तुम्हाला कोणी दिलं?"

"हे मेडिकलवाल्याने. आणि ह्या सुनेच्या आहेत."

"सुनेचंही ऑपरेशन झालंय?"

"नाही. ती गरोदर आहे."

ताईने पेन खाली ठेवलं. मग तिने समजावलं. ह्या दोन्ही गोळ्या कार्बोनेट जातीच्या. वाईट नाहीत, पण त्यांना विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, आणि ते माझ्या आताच्या पोटात कमी आहे. सायट्रेटचं तसं नाही, त्याला आम्ल नसलं तरी चालतं. चुलीला जाळ कमी असेल तर तूरडाळ शिजत नाही, मुगाची शिजते, असं मी मनात धरून ठेवलं. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की एक दुसऱ्याला अंगी लागू देत नाही, मध्ये दोनेक तास हवेत. चहाबरोबर लोह नको. कॅल्शियम एकदम न घेता थोडं थोडं करून दिवसातून वाटून घ्यायचं. म्हणजे मी नियमाने जे करत होते त्यातलं काहीच बरोबर नव्हतं.

रक्त तपासलं. कॅल्शियम कमी निघालं आणि ड जीवनसत्त्व त्याहून कमी. ताई म्हणाली, उन्हात बसत जा. मी जन्मभर उन्हात फुलं तोडली आहेत, पण डोक्यावर पदर आणि वरून मालकांचा जुना शर्ट घालून. ऊन पोचायला जागाच ठेवली नव्हती. त्या दिवशी सलाईनमधून कॅल्शियम दिलं आणि दुधातून घ्यायची ड जीवनसत्त्वाची पावडर लिहून दिली.

"हात राहील ना सरळ?" मी विचारलं.

"बरोबर गोळ्या घेतल्या तर राहील."

"बाळ धरता येईल?"

ताईने मालकांकडे पाहिलं. मालक भिंतीवरचं फळांचं चित्र बघत होते. ती म्हणाली, "येईल मावशी. पण गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि दुकानदार म्हणेल ती घ्यायची नाही."

दवाखान्याच्या मेडिकलमध्ये त्या गोळ्या संपल्या होत्या. तिथल्या पोरीने नाशकातल्याच द्वारका चौकातल्या एका मोठ्या दुकानाचा पत्ता दिला. मालकांना शेतावर पाणी भरायचं होतं, ते रिक्षाने पुढे गेले. मी द्वारकेला उतरले. दुकानात गर्दी होती. मी चिठ्ठी पुढे केली. काउंटरवरच्या माणसाने आत हाक मारली आणि एक डबी आणून ठेवली.

"ही कुठली जात आहे?" मी विचारलं.

"कॅल्शियम आहे मावशी. सगळं सारखंच असतं."

"सायट्रेट पाहिजे."

"त्याच्याऐवजी हे चालतं."

"मला चालत नाही."

"का? ऑपरेशन-बिपरेशन झालंय का? कसलं?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, त्यांचा खडा काढलाय. पित्ताचा." मागे शेजारच्या काकू उभ्या होत्या. त्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला तिथेच येतात, हे मला माहीत नव्हतं.

"मग खड्याला तर हेच चालेल," तो माणूस म्हणाला आणि डबी पिशवीत घालायला लागला.

मी त्या पिशवीकडे पाहिलं. घरी नेली असती तर फडताळात डब्या दोन झाल्या असत्या. मी म्हटलं, "खडा नव्हता. वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय. पोट लहान केलंय. त्यात हे विरघळत नाही. सायट्रेट नसेल तर नाही सांगा, मी दुसरीकडे जाते."

एवढं मी परक्या माणसापुढे एका दमात आधी कधी बोलले नव्हते. दुकानात कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. तो माणूस म्हणाला, "मग आधी सांगायचं ना," आणि आतून तीन डब्या आणून मांडल्या. एकीतली गोळी बोराच्या बीएवढी होती, ती गिळायची. एक सायट्रेटचीच, पण तिच्यात लोह मिसळलेलं. तिसरी चावायची, संत्र्याच्या वासाची. मी प्रत्येकीवरचं सायट्रेट त्याला बोट ठेवून दाखवायला लावलं आणि चावायची घेतली.

काकू माझ्याबरोबर बाहेर आल्या. रस्ता ओलांडल्यावर त्यांनी विचारलं,

"म्हणजे खडा नव्हताच?"

"नव्हता."

"मग आमचं कुळीथ?"

"प्यायले की सगळं."

"ते दिसलं मला," काकू म्हणाल्या. जरा पुढे गेल्यावर म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला कॅन्सर आहे. एवढ्या वाळलात. आळीत सगळ्यांना तसंच वाटतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही."

तेव्हा मला कळलं की माझं गुपित आळीने फार जपलं होतं, फक्त ते दुसरंच होतं.

बोटं एकाएकी सुटली नाहीत. आधी ओठांच्या मुंग्या गेल्या, मग हात क्वचित वळायला लागला, मग आठवून आठवून बघावं लागायचं की शेवटचा कधी वळला. मी सकाळी, दुपारी, संध्याकाळी गोळी चावायचे आणि लोह वेगळं घ्यायचे. सून बघायची. केंद्राची पाकिटं तिने परत नेऊन दिली. माहेरी जायच्या आदल्या दिवशी ती माझ्यासमोर बसून मी शेवंतीचा हार पुरा ओवेपर्यंत बघत राहिली. मग उठली आणि बॅग भरायला गेली.

मुलगी झाली. सव्वा महिन्याने सून आली, बरोबर विहीणबाई आल्या. मालिशवाली बाई ठरवलेली होती. तिने सकाळी येऊन मालिश केलं. आंघोळीला ती पाटावर बसणार तेवढ्यात सून म्हणाली, "मावशी, तुम्ही मालिशच करत जा. आंघोळ आमच्याकडे आजी घालते." विहीणबाई चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणं हलवलं नाही.

पहिले काही दिवस मी पाटावर आणि सून माझ्या गुडघ्याला लागून, असं चाललं. माझा हात बाळाच्या मानेखाली आणि तिचा हात माझ्या हाताखाली. तिची साडी रोज भिजायची. मी पाणी ओतायचे ते दोन माणसांवर ओतायचे. मी तिला बाजूला हो म्हटलं नाही. तिच्या हाताला नारळ आठवत होता, माझ्याही हाताला आठवत होता.

मग एके दिवशी मी पाय लांब केले, बाळ पायांवर घेतलं, पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. सून मोरीच्या दारातच थांबली.

"आई, मी जरा केस विंचरून येते."

"ये," मी म्हटलं.

बाळ पहिल्या तांब्याला रडलं, दुसऱ्याला जांभई दिली आणि नंतर माझ्या साडीवर शू केली. मी मानेखालचा हात बदलला. बोटं सरळ होती. आतून फणीचा आवाज काही येत नव्हता, पण केस विंचरायला तिला बराच वेळ लागला.