शून्यापासून काढलेले खांब

अमडापूरच्या बसस्टँडसमोर मदिहाचं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, पीकविम्याचे अर्ज, लग्नपत्रिका ही रोजची कामं. पण आजूबाजूच्या संस्था तिला शोधत यायच्या त्या आमसभेच्या पडद्यासाठी. आकड्यांचा रुक्ष कागद दिला, की ती त्याची अशी चित्रं करून द्यायची, की अंगठा उठवणारा माणूसही मान डोलवायचा. ही नजर तिला बापाकडून आली होती. अब्दुल गनी पेंटर. पंचक्रोशीतल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. लहानपणी तिनं बारीक अक्षर काढलं, की ते म्हणायचे, "पीछे बैठनेवाले को दिखा नहीं, तो लिखा काहे को?"

गावातल्या पतसंस्थेचं काम तिच्याकडे तीन वर्षांपासून होतं. गेल्या साली सभेच्या आधी मॅनेजर गजेंद्र तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"खांब शून्यापासून काऊन सुरू केले? सतरा कोटीपासून कर ना."

मदिहानं तसं केलं. ठेवी अठरा कोटींवरून एकोणीस कोटींवर गेल्या होत्या. पडद्यावर मात्र खांब दुप्पट झाला. मग त्यानं कर्जाचं गोल चित्र आडवं कलतं करायला लावलं. थकबाकीची फोड मागच्या बाजूला गेली आणि चिंचोळी दिसू लागली. आकडा खरा होता, तिसऱ्या हिश्शाचा. दिसायला पाचवा हिस्साही नव्हता. तिला ते खटकलं होतं. पण आकडा खोटा लिहिलेला नाही ना, असं म्हणून तिनं स्वतःची समजूत घातली आणि बिल लावलं.

त्या सभेत टाळ्या पडल्या. अध्यक्ष भगवंतरावांनी तिथंच एक वर्षाची दिवाळी ठेव जाहीर केली, जास्त व्याजाची. मिरची कांडपाची गिरणी चालवणाऱ्या चांगुणानं नवऱ्याच्या विम्याचे चार लाख दिवाळीत तीत टाकले. ती मदिहाच्याच गल्लीतली.

यंदा ऑगस्टअखेर गजेंद्रनं नवी फाइल पाठवली. घाईत त्यानं एक पान जास्तीचं पाठवलं होतं: कोणत्या महिन्यात किती ठेवींची मुदत संपते, त्याची यादी. मदिहानं सवयीनं त्या पानाचेही खांब काढून पाहिले. सप्टेंबर बुटका, ऑक्टोबर बुटका. नोव्हेंबरचा लाल खांब थेट वरच्या कडेला जाऊन टेकला. साडेतीन कोटी. शेजारी तिनं संस्थेच्या हातातली आणि बँकेतली शिल्लक हिरव्या रंगात ठेवली. साठ लाख. तो खांब लाल खांबाच्या घोट्याएवढा होता. बाहेर चिखलीची एसटी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. तिला काही ऐकू आलं नाही.

तिनं गजेंद्रला बोलावून दाखवलं. त्यानं आधी दुकानाचं दार लावलं.

"हे पान काहाले उघडलं तू? पुसून टाक. हे पडद्यावर गेलं तं दुसऱ्या दिवशी दारात जत्रा लागन. मंग संस्था वाचन का?"

"आन नाही दाखवलं तं दिवाळीत काय होईन?"

त्यानं दार उघडलं. तो तसाच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भगवंतराव स्वतः आले. चहा नको म्हणाले. भिंतीवरची अब्दुल गनींच्या हातची पाटी बराच वेळ न्याहाळत राहिले.

"अब्बा अजून शिडीवर चढते का तुहे?"

"हो काका."

"या वयात पडलं माणूस तं उठत नाही, बेटा. सांभाळून राहजो म्हणा त्याईले."

एवढंच बोलून ते गाडीत बसले. मदिहानं त्या दिवसापासून बापाला कामावर जाऊ दिलं नाही. कारण मात्र सांगितलं नाही.

ती चांगुणाकडे गेली. गिरणीत उडणाऱ्या मिरचीच्या खकाण्यानं डोळे चुरचुरत होते. "काकू, ठेव मोडा. व्याज जाऊ द्या, मुद्दल काढून घ्या."

चांगुणानं पट्टा बंद केला. "मांगच्या साली तूच तं दाखवलं खांब कसा वर गेला ते. तेच पाहून टाकले म्या पैसे. आता काऊन भेव दाखवून राह्यली?"



सभा सप्टेंबरात, दुपारी, मंगल कार्यालयात भरली. गजेंद्रनं सुचवलेली चित्रं तिनं पेन ड्राइव्हमध्ये आणली होती. लावली दुसरीच. खांब शून्यापासून, गोल चित्र सपाट. शेवटी लाल आणि हिरवा, शेजारीशेजारी. मागच्या रांगेतून निवृत्त मास्तर रामराव उठले.

"बाई, तो लाल खांब काहाचा आहे?"

"नोव्हेंबरात लोकांचे जे पैसे परत द्यायचे आहेत, त्याचा."

"आन हिरवा?"

"संस्थेजवळ आज जे आहेत, त्याचा."

गजेंद्रनं वायर ओढली, पडदा निळा झाला. लोक उठले. आवारात जिलेबीची पातेली तयार होती. पंगतीला एकही माणूस बसला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच संस्थेच्या दारात रांग लागली. अंगणवाडीच्या बेबीताई पहिल्या दहांत होत्या, त्यांना सगळे पैसे मिळाले. भगवंतराव मात्र घरोघर फिरत होते. चांगुणाच्या ओट्यावर बसून त्यांनी तिला पैसे बुडणार नाहीत असा शब्द दिला, आणि ती थांबली. तिसऱ्या दिवशी दुपारी संस्थेचं शटर खाली आलं. मग प्रशासक आला, चौकशी आली, तारखा आल्या.

गावात दोन तट पडले. एक म्हणे पोरीनं वाचवलं. दुसरा म्हणे, चालती संस्था पोरीनं बुडवली. एका सकाळी दुकानाची काच फुटलेली होती. मदिहानं काचा गोळा केल्या, तक्रार दिली नाही. चौकशी अधिकाऱ्यानं यंदाची चित्रं मागितली, तेव्हा तिनं न मागता गेल्या सालचीही दिली आणि जबाबात लिहून दिलं, की ती मीच केली होती. तेव्हापासून दुसऱ्या संस्था तिला काम देत नाहीत.

भगवंतराव मोकळेच आहेत. त्यांची गाडी दुकानासमोर हळू होते, मग पुढं जाते.

हल्ली ठेव परत मागायच्या दावा अर्जांच्या झेरॉक्ससाठी लोक तिच्याकडेच येतात. परवा चांगुणा आली. मदिहानं दोन प्रती काढून दिल्या, पैसे नको म्हणाली. चांगुणानं ऐकलंच नाही. चार रुपये टेबलावर ठेवले, अर्ज घडी करून कमरेला खोचला आणि तिच्याकडे न पाहता रस्ता ओलांडून गेली.